हासूकाकांचं पाणी पिकलं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हासूकाका रोज सकाळी सात वाजता टाकीत बोट बुडवतात आणि ते बोट चाटतात.

टाकी म्हणजे गच्चीवरची नाही हं. हॉलमधली. पाच फूट लांब, काचेची, वर निळा लाइट, आत समुद्राचं पाणी. बोट चाटून झालं की काका डोळे मिटतात, मान जराशी तिरकी करतात आणि थांबतात. आत स्वयंपाकघरात काकींची पळी कढईच्या काठावर वाजत असते, टक टक टक टक टक, तेवढाच आवाज. मग काका डोळे उघडतात आणि ग्रामसभेत ठराव मंजूर झाल्यासारखं जाहीर करतात, "पस्तीस!"

पस्तीस म्हणजे किलोभर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ. आणि ते पस्तीसच असतं! मी स्वतः तपासलंय. माझ्याकडे टाकीच्या नादाने मागवलेली, रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोट्या दुर्बिणीसारखी नळी आहे. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. सुरुवातीला महिनाभर काका स्वतःच मला रोज बोलवायचे. "बाय, तुझी काच काय बोलते?" मी म्हणायचे चौतीस, तर ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "चौतीस बोलते गो!" मी म्हणायचे छत्तीस, की परत, "छत्तीस गो!" मला वाटायचं, काय गोड माणूस आहे, बायकोला प्रत्येक गोष्टीचा अपडेट देतो. महिन्यानंतर काचेची गरजच संपली. बोट, जीभ, टक टक, आकडा. सव्वा वर्षात एकदाही चुकले नाहीत.

आता हे कोण, ते सांगते. हासूकाका म्हणजे हसुराम. नाव हसुराम, पण हसताना मी त्यांना मोजून दोनदा पाहिलंय, त्यातलं एकदा ह्या गोष्टीच्या शेवटी येईल. अंगात बंडी, खाली चौकड्याची लुंगी, खांद्यावर टॉवेल. करंजाड्यात सातव्या मजल्यावर राहतात, पण हाडाचे मिठागरवाले. उरणच्या बाजूला, खाडीला लागून, त्यांच्या घरच्यांनी तीन पिढ्या मीठ पिकवलं. काका तिथे मुकादम होते. आता तिथे कंटेनर उभे असतात. मिठागर गेलं, पण काकांच्या बोलण्यातून जात नाही. लिफ्ट उशिरा आली तरी म्हणतात, "घाई केली का खडा बारीक पडतो." म्हणजे उन्हात पाणी सावकाश आटलं तर मिठाचा खडा मोठा होतो, घाईने आटलं तर भुगा. हे वाक्य ते माझ्या लग्नाबद्दलही वापरतात, त्यामुळे माझं ते फार लाडकं आहे. आईला ते तितकंसं आवडत नाही.

टाकीचं खूळ कसं आलं, तर काकींच्या दाढेमुळे. दाढ दुखत होती म्हणून दोघं एका दातांच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे वेटिंग रूममध्ये समुद्री टाकी. आत रंगीबेरंगी मऊ प्रवाळ डुलतायत. काका सांगतात त्याप्रमाणे, टाकीत बोट बुडवलं गेलं, चाटलं गेलं, आणि आत दुसऱ्याच्या तोंडात ड्रिल घालून उभ्या असलेल्या डॉक्टरांना बाहेरून ओरडून सांगितलं गेलं, "डाक्टर, मीठ कमी हाय!" डॉक्टर चिडले. मग गुपचूप तपासलं. मीठ कमी होतं.

त्या दिवशी दाढ राहिली तशीच आणि घरात टाकी आली. बायको दाढ धरून बसलीय आणि हा माणूस काचेची मापं घेतोय, असं चित्र आमच्या मजल्यावर सगळ्यांनी बघितलं.

मऊ प्रवाळ म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं, पण मी घरून काम करते, माझ्या कंपनीचे गिऱ्हाईक फोनवर होल्डला असताना मी दार उघडून समोर जाते, त्यामुळे आता मला सगळं येतं. ऐका. ते दगड नाहीत, झाडंही नाहीत. चक्क प्राणी आहेत! जागेवरून हलत नाहीत, आणि मनातलं सगळं रंगातून सांगतात. उजेड कमी पडला की तपकिरी होतात. जास्त झाला की फिकुटतात. पाणी आवडलं तर असे काही खुलतात की विचारू नका. काकांनी त्यांना स्वतःची नावं दिलीयत. गोल गोल नारिंगी आहेत ती 'बटणं'. हाताच्या पंजासारखा पिवळसर उभा आहे तो 'पंजा'. आणि मधल्या मोठ्या दगडावर पसरलेली, भाताच्या रोपांसारखी हिरवीगार, वाऱ्यात हलल्यासारखी हलणारी ती 'हिरवी गादी'. ही गादी काकांचा जीव. पाहुणा आला की आधी गादी, मग पाणी, मग खुर्ची.

काकी मात्र टाकीकडे ढुंकून बघायच्या नाहीत. निदान मला तरी तसंच वाटायचं. "नुस्ता वीजबिलाचा धनी," म्हणायच्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठून आत जायच्या. लुगडं नेसतात, बारीक अंगाच्या, कमी बोलतात. काका बोलत असले की त्या लसूण सोलतात.

तर यंदाच्या मे महिन्यात काकी माहेरी गेल्या. चिरनेरला. बहिणीचं घर नवीन बांधलं होतं, म्हणून दहा दिवसांसाठी. सोमवारी पहाटे पिशवी घेऊन निघाल्या, आणि काका दारात उभे राहून म्हणाले, "जा जा. इकडची काळजी करू नको. टाकीचा मी बघतो."

पहिल्या दिवशी सात वाजता मी मुद्दाम गेले. काकांनी बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. मान तिरकी केली. थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "पस्तीस."

मंगळवारी पस्तीस. बुधवारी पस्तीस.

गुरुवारी त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला. "बाय! ओ बाय! इकडे ये, बघ बघ!" मी हेडफोन गळ्यात तसाच ठेवून धावले. हिरवी गादी जांभळी झाली होती! पूर्ण! काल हिरवंगार शेत, आज जांभळट गुलाबी मखमल, एकही हिरवं टोक नाही. बटणं मिटलेली, पंजा आखडून मुठीसारखा झालेला. टाकीतलं पाणी चार बोटं खाली उतरलेलं आणि काचेच्या काठावर पांढरी रेघ जमलेली.

काकांनी माझा खांदा धरला. डोळ्यांत पाणी. "पिकला," म्हणाले. "पानी पिकला, बाय."

आणि मग त्यांनी मला मिठागराचं गणित समजावलं, जे मी आयुष्यात विसरणार नाही. खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, घेतलं की आधी ते हिरवं दिसतं. उन्हात आटत जातं तसं ते लालसर, गुलाबी व्हायला लागतं. कडेला पांढरी रेघ धरते. मिठागरवाल्यांसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पाणी गुलाबी झालं म्हणजे आता मीठ पडणार! "आमी त्या दिवशी नारळ फोडायचो," काका म्हणाले. "हिरवा गेला, गुलाबी आला, काठावर पांढरा धरला. आता काय राहिला सांग?"

काही राहिलं नव्हतं. मला पटलं! मी म्हणाले, "काका, भारीच की!" काकांनी नारळ फोडला. मजल्यावरच्या सहाही घरांत पेढे वाटले. चौथ्या घरातल्या काकूंनी विचारलं, "मुलगा झाला का कोणाला?" तर काका म्हणाले, "गादी पिकली."

शुक्रवारी मी काय केलं, तर फोटो काढला आणि समुद्री टाकीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या काकांची गादी पिकली!! मिठागराची ट्रिक!!" सात हार्ट टाकली. मी कुठलीही गोष्ट पोटात ठेवू शकत नाही, आमच्याकडे तो घराण्याचा गुण आहे. त्या ग्रुपचे ॲडमिन कोण? तेच दातांचे डॉक्टर.

शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला. "ताई, हे पिकणं नाही. प्राणी मरायला टेकले आहेत. हिरवी टोकं आत ओढून घेतलीत म्हणून खालची जांभळी कातडी दिसतेय. आजोबांच्या जिभेला काय झालं? उद्याच आलो असतो, पण दातांचा कॅम्प आहे. पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतो. तीन ग्लास घेऊन येतो. आजोबांनी चाखून सांगावं. बघूच." त्याखाली चौदा जणांनी अंगठे दिले होते.

मी रिफ्रॅक्टोमीटर घेतला आणि समोर धावले. काका टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पेढ्याचा रिकामा बॉक्स मांडीवर. सहाव्या दिवशी गादी जांभळीही नव्हती, राखाडी दिसायला लागली होती. काकांनी मला बघितलं, सवयीने बोट बुडवलं, चाटलं, "पस्तीस," म्हणाले. पण आवाजात ठराव नव्हता.

मी थेंब टाकला, खिडकीकडे तोंड केलं, डोळा लावला.

एक्केचाळीस.

मी पुन्हा टाकला. एक्केचाळीस!

"काका, एक्केचाळीस आहे."

काकांनी टॉवेलने बोट पुसलं. मग एकदम म्हणाले, "मना चव कळत नाय, बाय. कवाच कळली नाय."

मी समोर जमिनीवरच बसले.

"चाखते ती," काका स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. तिथे कोणीच नव्हतं. "मी नुस्ता सांगतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिठागरावर काकी टोपल्या वाहायला यायच्या, लग्नाआधीपासून. पाण्यात बोट घालून चाटलं की त्यांना कळायचं, कोंडी कधी फोडायची, पाणी कधी पुढच्या कोंडीत घ्यायचं. काका मुकादम, पण त्यांना खारट म्हणजे खारट, एवढंच कळायचं. आणि मिठागराचा शेठ बाईच्या शब्दावर कोंडी फोडू द्यायचा नाही. मग ह्या दोघांनी युक्ती केली. काकी आधी चाखून जायच्या आणि टोपलीच्या काठावर बोटांनी ठोके द्यायच्या. एक ठोका कच्चं, दोन ठोके भरलं, तीन ठोके पिकलं. काका सगळ्यांदेखत बोट बुडवायचे, डोळे मिटायचे, ठोके ऐकायचे आणि जाहीर करायचे. पंचक्रोशीत हासू मुकादमाच्या जिभेचं नाव झालं. पुढे लग्न झालं. ठोके चालूच राहिले.

"म्हणजे ती पळी..." मी म्हणाले.

"तीस सोडून वरचे ठोके. पाच ठोके म्हणजे पस्तीस. आकडे तुझ्या काचेवरून शिकली ती."

सव्वा वर्ष! सव्वा वर्ष मी समजत होते की काकी भाजी परततायत!

"आणि क्लिनिकमध्ये? डॉक्टरांच्या टाकीत?"

"दाढ धरून बसली होती. तिला राहवला नाय. मना म्हणाली, कमी हाय, सांगा."

आणि रोज पहाटे झाडताना काकी टाकीत साधं पाणी ओतायच्या, चाखत चाखत, बरोबर पस्तीस होईपर्यंत. मे महिना, सातवा मजला, टाकीवर पंखा, रोज बादलीभर पाणी उडून जायचं आणि मीठ खाली राहायचं. काकांना हे माहीतच नव्हतं! त्यांना वाटायचं, टाकी आपोआप पस्तीसवर राहते. काकी गेल्या, पाणी ओतणं बंद, आणि काकांनी हॉलमध्ये सहा दिवसांत शिस्तीत मिठागर तयार केलं. चाळीस वर्षांचा अनुभव असल्याशिवाय ही चूक करता येत नाही, हे मी लिहून देते.

"काकींना फोन लावूया," मी मोबाइल काढला.

काकांनी माझा हात धरला. चक्क घट्ट. "नाय. तिला कळता कामा नये."

"पण काका, सगळी मरतील! आणि पुढच्या रविवारी डॉक्टर सगळ्या ग्रुपला घेऊन येणार!"

"दहा दिवस म्हणजे दहा दिवस. फोन नाय करायचा."

मला त्यांचा इतका राग आला ना! केवढा तो ताठा! प्रवाळ मेले तरी चालतील, पण बायकोसमोर चूक कबूल करायची नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आपण करू. फिल्टरच्या पाण्याची बादली भरली, उचलली, आता टाकीत ओतणार, तेवढ्यात काका ओरडले, "थांब! मारतेस का त्यांना?"

आणि इथे मला कळलं की काका नुसते ओरडणारे मुकादम नाहीत. चव त्यांना कळत नसेल, पाणी कळतं. "पानी एकदम नाय ढकलायचा. ह्या कोंडीतून त्या कोंडीत, त्या कोंडीतून पुढच्या. एका दिवसात एक पायरी. एक्केचाळीसचे चाळीस, उद्या एकोणचाळीस. घाई केली का..."

"खडा बारीक पडतो," मी बादली खाली ठेवली.

"हां. आन् इथे खडा म्हणजे जीव हाय."

मग आमचा कारभार सुरू झाला. काका तांब्याने धार धरून पाणी ओतायचे, दर तासाला दोन तांबे, असं दिवसभर थोडंथोडं. लाइटवर त्यांनी जुनी मच्छरदाणी चार पदरी करून बांधली, की आजारी माणसाच्या डोळ्यावर उजेड नको. आणि सात वाजता? सात वाजता मी काचेत बघायचे आणि आकडा सांगायला तोंड उघडायचे, तर काका म्हणायचे, "असा नाय. आत जा. पळी घे."

"काका, घरात आपण दोघंच आहोत! कोणाला फसवायचंय?"

"पान्याला सवय हाय."

मी स्वयंपाकघरात गेले. काकींची पळी घेतली. रविवारी सकाळी कढईच्या काठावर दहा ठोके दिले. मोजून दहा. बाहेर काका डोळे मिटून उभे होते आणि त्यांनी जाहीर केलं, "चाळीस!" सोमवारी नऊ ठोके. "एकोणचाळीस!" माझी आई आमच्या दारातून विचारत होती, "अगं, तू तिथे नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "मीटिंगमध्ये आहे!"

मंगळवारी आठ ठोके. त्या दिवशी बटणांतलं एक, फक्त एक, किलकिलं झालं. तपकिरी, मळकं, पण उघडं. काका त्याच्याशी पाऊण तास बोलले.

बुधवारी दुपारी काकी आल्या. हातात पिशवी, पिशवीत बहिणीकडची वांगी आणि सुकट. पायातली चप्पल काढली, पिशवी खाली ठेवली, कोणाशी एक शब्द न बोलता सरळ टाकीपाशी गेल्या, बोट बुडवलं आणि चाटलं. मी आणि काका शाळेत कान धरून उभं केल्यासारखे भिंतीला टेकून.

"सदतीस," काकी म्हणाल्या. मग काचेवरच्या पांढऱ्या रेघेवरून नखाने एक खपली काढली. "आन् एक्केचाळीसच्या वर गेला होता."

"एक्केचाळीसच," काका म्हणाले. "वर नाय."

"मना फोन का नाय केलात?"

"रेंज नव्हती."

"चिरनेरला रेंज नव्हती?"

"इकडे नव्हती," काका म्हणाले. मी छताकडे बघायला लागले.

काकींनी मच्छरदाणीकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन कढईकडे बघितलं. कढईच्या काठावर मी इतके जोरात ठोके दिले होते की पोचा पडला होता. "पळी कोनी मारली?" मी हात वर केला. "बाय," त्या म्हणाल्या, "पळी मनगटातून मारायची. खांद्यातून नाय."

बस. एवढीच शिक्षा!

गुरुवारी काकींची पळी सहा वेळा वाजली, शुक्रवारी पाच. शुक्रवारी "पस्तीस!" ऐकून मी आमच्याच घरात टाळ्या वाजवल्या. पण गादी अजून राखाडी होती. शनिवारी पंजाची कातडी सुटायला लागली, वरून मेणकट पापुद्रा निघत होता. मी म्हटलं, गेला. काकी म्हणाल्या, "गेला नाय. साप कसा कात टाकतो? जुना टाकतोय." रात्रीच्या आत तो सगळा पापुद्रा पाण्यात विरून गेला. मी झोपताना देवाला म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस.

रविवारी सकाळी काकांनी बेल वाजवली नाही, दारच बडवलं.

काय सांगू तुम्हाला! गादी हिरवी! हिरवी म्हणजे, आधी होती तशी नाही, आणखी हिरवी, आतून लाइट लावल्यासारखी! हजारो टोकं बाहेर येऊन एकाच वेळी एकाच दिशेला डुलत होती. बटणांचं नारिंगी असं पेटलं होतं, मधे केशरी ठिपका, कडेला हिरवी झालर, जी मी याआधी बघितलीच नव्हती. आणि पंजा! कात टाकून आतून लोण्यासारखा पिवळा निघाला होता, प्रत्येक बोटावर पांढरी बारीक फुलं. मी किंचाळले. खालच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं?" ओरडलं. मी वरून ओरडले, "हिरवी झाली!"

अकरा वाजता डॉक्टर आले. सोबत ग्रुपवरचे नऊ जण. सगळे मोजे घालून हॉलमध्ये ओळीने उभे. डॉक्टर टाकीसमोर वाकले, चष्मा वर केला, खाली केला, माझ्या मोबाइलवरचा तो जांभळा फोटो मागितला, तो टाकीशेजारी धरला. "आठ दिवसांत?" म्हणाले. "माझ्याकडे असं झालं होतं तेव्हा मी सगळी टाकी फेकून दिली."

"घाई केलीत," काका म्हणाले.

पण ग्लास काही डॉक्टर विसरले नव्हते. तीन ग्लास टीपॉयवर मांडले. तिन्हीत पाणी, तिन्ही सारखे. "आजोबा, चमत्कार मान्य. आता जीभ बघू."

सगळे पुढे सरकले. काकांनी टॉवेल नीट केला. पहिल्या ग्लासात बोट बुडवलं. चाटलं. डोळे मिटले. मान तिरकी केली.

आणि माझ्या लक्षात आलं, पळी वाजणार नाही. स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं! काकी हॉलमध्ये होत्या, पाहुण्यांसमोर, हातात दहा कप चहाचा ट्रे. मी आत पळावं का? पण पळून काय वाजवू, मला कुठे आकडा माहीत होता! काका तसेच उभे. डोळे मिटलेले. कोणीतरी खोकलं. डॉक्टरांच्या ओठांच्या कडेला हसू यायला लागलं.

काकांनी डोळे उघडले.

"डाक्टर," म्हणाले, "तुमी चुकीच्या मानसाला इचारताय." ते वळले, काकींसमोर गेले, आणि काकींच्या हातातला ट्रे स्वतःच्या हातात घेतला. "ही भागीरथी. मिठागरावर चाळीस वर्सा हिनं चाखला. मी नुस्ता बोंबललो. हिला इचारा."

काकी जागच्या हलल्या नाहीत. "अवो, चहा निवतोय," एवढंच पुटपुटल्या.

"निवू दे."

पदराला हात पुसत काकी पुढे आल्या. पहिला ग्लास. बोट, जीभ. डोळेबिळे काही मिटले नाहीत, मीठ बघायला डोळे कशाला मिटायचे! "तेहेतीस." दुसरा ग्लास. "हा आमच्या घरचा पानी. पस्तीस. मघाशी तुमीच भरून घेतलात, मी बघितला." दोघं-तिघं हसले. तिसरा ग्लास. काकींनी चाटलं आणि तोंड वाकडं केलं. पुन्हा चाटलं. "हा पस्तीसच. पन हा समुद्राचा नाय. ह्यात डब्यातला खायचा मीठ टाकलाय. समुद्राच्या मिठाला मागून कडवट लागतो. ह्याला मागे कोनच नाय."

मी धावत जाऊन काच आणली, तीन थेंब, तीनदा डोळा. तेहेतीस. पस्तीस. पस्तीस. तिसऱ्याला काच काही वेगळं सांगतच नव्हती! डॉक्टर हळूच म्हणाले, "घरून निघताना किचनमधलं मीठ घातलं होतं मी. आजोबांना पकडायला." मग त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "आजी, माझ्या क्लिनिकची टाकी एकदा चाखायला याल का?"

"दाढ काढनार नसाल तर येते," काकी म्हणाल्या.

जो काही हशा झाला! आणि हासूकाका, हातात दहा कपांचा ट्रे, लुंगी सावरता येत नाहीये, ते हसत होते. खरंखुरं, बत्तीशी दाखवून. मी सांगितलं होतं ना, येईल म्हणून.

सगळे गेल्यावर काकी आत कप विसळत होत्या. मी काकांना गाठलं. मला अजून त्या फोनचा राग होता. "आज एवढ्या लोकांसमोर सांगितलंत, मग तेव्हा नुसता एक फोन केला असतात तर? सगळं मेलं असतं ना, काका!"

काका टाकीकडे वळले. मग आतल्या नळाच्या आवाजाच्या खाली जाईल इतक्या हळू म्हणाले, "फोन केला असता तर दुसऱ्या गाडीनं आली असती, बाय. मिठागर होता तवा हिला माहेरी सोडायचो, आन् पानी पिकायला आला का तिसऱ्या दिवशी मानूस पाठवून बोलवून घ्यायचो. दरवर्षी. चाळीस वर्सात दहा दिवस कवा ऱ्हायलीच नाय ती." टॉवेलने काचेवरचा एक थेंब पुसला. "गादी परत आली असती. दिवस नसते आले."

मी आत गेले आणि काकींनी विसळलेले कप पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी सवयीने दार उघडून उभी राहिले. पळी वाजली नाही. टाकीसमोर काकी उभ्या होत्या, बोट ओठांशी. काका शेजारी, दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या धरून, कामावर पहिल्या दिवशी आलेल्या माणसासारखे.

"पस्तीस," काकी पुटपुटल्या.

"मोठ्यानं," काका म्हणाले. "समोरच्या बायला ऐकू जायला पायजे."

"पस्तीस."

"अजून मोठ्यानं, भागे."

काकींनी एकदा माझ्याकडे बघितलं, पदर खोचला, मान वर केली.

"पस्तीस!"

लिफ्टपाशी उभा असलेला दूधवाला दचकून मागे वळला. काकांनी तांब्या खाली ठेवला. त्या सकाळी एक तांब्याही ओतावा लागला नाही.